धाकटीचं मातीचं घर

माझ्या धाकट्या बहिणीकडे, दादरला, तिच्या बाहेरच्या खोलीत काचेच्या पेटीत आमचं घर ठेवलेलं आहे. हातभर उंचीचं, शाडूच्या मातीचं, तिनं स्वतः केलेलं. येणारा-जाणारा त्याच्यासमोर उभा राहतो, मान तिरकी करतो आणि म्हणतो, "वा, काय केलंय!" मी तिथेच खुर्चीवर बसलेली असते. माझ्याकडे बघून कोणी "वा" म्हणत नाही. ज्या घराचं हे मातीचं रूप, ते घर मी दहाव्या वर्षापासून चालवलं. पण चालवलेलं घर काही पेटीत ठेवता येत नाही ना. म्हणून आज मी लिहायला बसले आहे. मला त्या घराचा हेवा वाटतो. तेव्हाही वाटायचा, आताही वाटतो, आणि या वयात तो लपवायचा कंटाळा आला आहे.

आम्ही लालबागला चाळीत राहायचो. दुसरा मजला, जिन्यापासून तिसरी खोली. बाबा गिरणीत मागावर, आई दुसऱ्या गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायला. दोघांच्या पाळ्या, घरात दोन लहान भाऊ, तेव्हा कोणीतरी घरी हवं. ती मी. चौथीनंतर माझं दप्तर पोटमाळ्यावर गेलं ते गेलंच. धाकटी मात्र शिकली. तिच्या चित्रांवर शाळेतल्या बाई खूश, मग फी माफ, मग पुढे फोर्टकडच्या कलाशाळेत मूर्तिकाम शिकायला. मी तिचा डबा भरून द्यायचे.

आता एक सांगते. मातीत हात मी आधी घातला होता. दिवाळीत चाळीच्या पटांगणात किल्ला व्हायचा, तो मी करायचे. मुलगे दगड आणायचे, बाता मारायचे, पण बुरुज कसा उभा राहतो आणि दिंडी दरवाजाची कमान कशी वळवायची ते मला कळायचं. धाकटी तेव्हा एवढीशी. माझ्या शेजारी उकिडवी बसून मला खडे द्यायची आणि विचारायची, "ताई, राजा कुठे झोपतो?" मी तिला बालेकिल्ल्याच्या मागे एक छोटी खोली करून दाखवली होती. पुढे माझे हात पिठात गेले आणि तिचे मातीत. झालं ते असं.

तर ती कलाशाळेच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांना एक काम दिलं. विषय होता 'घर'. माणूस घालायचा नाही, देव घालायचा नाही, झाड-पान नाही. नुसत्या भिंती, दारं, जिने, छपरं यांच्यातून घर म्हणजे काय ते दाखवायचं. फेब्रुवारीत प्रदर्शन होतं आणि पहिल्या येणाऱ्याला पुढच्या वर्षाची शिष्यवृत्ती. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. शाळेत आज हरताळ, उद्या सभा, परवा मोर्चा. म्हणून तिनं ठरवलं, काम घरीच करायचं. गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यातून शाडू आणला आणि आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत हे दुसरं घर बांधायला काढलं.

कुठे ठेवणार? ट्रंकेवर. ट्रंकेवर पाट, पाटावर माती. त्या ट्रंकेशेजारी माझं अंथरूण. दोन दिवसांत त्या घराचा पसारा माझ्या अंथरुणापर्यंत असा वाढला की मला पाय पोटाशी घेऊन झोपावं लागलं. त्यावर ओलं फडकं सतत हवं, नाहीतर माती तडकते. फडकं मऊ हवं. तर आईचं एक जुनं लुगडं होतं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. ते मी माझ्या गोधडीसाठी बाजूला ठेवलं होतं, कारण माझ्या लग्नाचं बघत होते आणि सासरी जाताना आईच्या लुगड्याची गोधडी न्यायची असं माझ्या मनात होतं. धाकटीनं ते काढून टराटरा फाडलं.

"अगं, माझ्या गोधडीचं होतं ते!"

"ताई, गोधडीला कुठलंही चालेल गं. ह्याला मऊच लागतं."

आई म्हणाली, "दी गो तिका. परीक्षा आसा तिची." संपलं.

बाबांना विषय कळल्यावर फार आनंद झाला. आमच्याकडे घर म्हणजे गावचं. मुंबईची ती खोली. पाहुणा आला तरी बाबा सांगायचे, "घर आमचा मालवणाकडे, हय खोली आसा." म्हणून त्यांना वाटलं, धाकटी गावचं घर करणार. कामावरून आले की ट्रंकेसमोर बसून सांगायचे, "पडवी घाल गो. खळा घाल. माजघराचा दार बुटका घाल, वाकान जावचा लागता." आणि ती खरंच ऐकायची, मान हलवायची. पण खाली बघावं तर आमच्या चाळीचा जिना. त्याचा वळणावरचा झिजलेला कोपरा तसाच. वर गॅलरीचा कठडा, मग उंबरा, मग एक खोली समोरून उघडी, तिच्यात पोटमाळा आणि गजांची खिडकी. आणि या सगळ्यावर गावच्या घराचं उतरतं कौलारू छप्पर, अख्खं, पुढे पडवीसारखं झुकलेलं.

बाबा बघतच राहिले. "ह्या काय गो? वर गाव आणि खाली मुंबई?"

"आपण तसेच राहतो ना बाबा?"

बाबांनी शेजारच्या काकांना हाक मारली. मग काकी आल्या. मग अख्खा मजला. आमच्या दारात चपलांचा ढीग. जो तो जिन्याचा कोपरा ओळखायचा आणि म्हणायचा, "अरे, हा तर आपला!" काकी मला म्हणाल्या, "बाय, तुझी बहीण म्हणजे सोनं आहे हो. तू चहा टाक बघू सगळ्यांना." मी शेगडी पेटवली. सोन्याला बघायला आलेल्यांसाठी चहा कोणीतरी करायलाच हवा.

धाकटी त्या मातीला कोणाला बोट लावू द्यायची नाही. एकदा लहान भावानं कठड्याला नुसतं नख लावलं तर ही किंचाळली अशी, की खालच्या मजल्यावरून विचारायला आले. त्याला मार बसला. तिला कोणी काही म्हटलं नाही.

संक्रांत झाली आणि दोन-तीन दिवसांत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली. पुढचं तुम्ही वाचलं असेल, आम्ही पाहिलं. लालबाग-परळ पेटलं. गिरण्या बंद, दुकानं बंद, रस्त्यावर दगड, मग गोळीबार, मग संचारबंदी. धाकटी त्या सकाळी तिच्या मैत्रिणीकडे गिरगावला गेली होती, चाकू-कोरण्या आणायला. ती तिकडेच अडकली. निरोप कसा येणार? बाबा गॅलरीत उभे, आई आत-बाहेर. "खय असतली गो ती?" आई मला विचारायची, जणू मीच तिला कुठे ठेवून आले होते. मी समोर बसलेली. भाऊ समोर. पण खोलीत सगळीकडे तीच भरून राहिली होती, आणि ट्रंकेवर तिचं घर, माझ्या गोधडीच्या कापडात गुंडाळलेलं.

आणि बाबा मला म्हणाले, "त्या घरार पाणी मार गो. सुकात ता."

नळ खाली पटांगणात. त्याला पाणी येणार सकाळी थोडा वेळ. फाटकाबाहेर बंदुका घेतलेले पोलीस. बायका भिंतीला चिकटून हंडे भरायच्या, कोणी बोलायचं नाही. एकदा जवळच कुठे तरी फट्फट् आवाज झाला आणि आम्ही सगळ्याजणी जिन्याखाली एकमेकींवर पडलो. माझी अर्धी घागर सांडली. उरलेलं पाणी वर आणलं. त्यातलं पिण्याला, त्यातलं भाताला आणि त्यातलं त्या घराला. पोटात पहिला घास जायच्या आधी मी त्याचं फडकं भिजवायचे.

मनात येत नव्हतं असं नाही. एक दिवस, फक्त एक दिवस पाणी मारलं नाही तर? कोणाला कळणार? संचारबंदी होती, पाणी नव्हतं, झालं. पण मी विचार केला, तडा गेला तर काय होईल? धाकटी परत येईल, रडेल, आणि सगळी चाळ तिलाच जवळ घेईल. नको बाई. मी पाणी मारत राहिले. कोणाला त्यात माझं मोठं मन दिसलं, तर त्यांनी खुशाल तसं समजावं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी मी आमच्या खोलीचा उंबरा पुसला. रोज पुसायचे, दोन रेघा रांगोळीच्या ओढायचे, हळदकुंकवाची बोटं लावायचे. करंडा तिथेच ठेवून मी आत वळले तर आई ट्रंकेसमोर. तिनं फडकं वर केलं होतं. उजव्या हाताचं बोट हळदीत बुडवलेलं. आणि तिनं त्या मातीच्या घराच्या उंबऱ्यावर, त्या बोटभर ओल्या उंबऱ्यावर, हळद लावली, कुंकू लावलं आणि हात जोडले.

"आई! अगं काय केलंस हे? ओली माती आहे! डाग पडला तो!"

"पडांदे. ह्या तिचा घर. तिच्या घराचो उंबरो असो बोडको ठेवचो काय? घराक वाट कळूक होयी, तेवा माणूस परत येता."

मी रोज आमचा खरा उंबरा पुसत होते, त्याला आई कधी हात जोडून उभी राहिली नव्हती. तो मी पुसते म्हणजे पुसलेलाच असतो, एवढंच. पण खरं सांगू का, माझ्या मनात एक उकळीही फुटली. म्हटलं, येऊ दे आता धाकटीला. नख लागलं तर किंचाळली होती, आता बघते काय करते. आईवर ओरडू दे एकदा. आईला बघू दे तिचं सोनं.

संचारबंदी सैल झाली आणि धाकटी आली. मैत्रिणीच्या वडिलांबरोबर गिरगावातून चालत. चपला हातात, घसा बसलेला. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" म्हणून म्हणून आवाज फुटत नव्हता. आईनं तिला असं धरलं की मैत्रिणीचे वडील बिचारे गॅलरीतच उभे राहिले. मी त्यांना पाणी दिलं. मग धाकटी सुटली ती थेट ट्रंकेकडे. फडकं काढलं. मी शेगडीपाशी बसून तांदूळ निवडत होते. हात थांबवला.

ती उंबऱ्याकडे बघत राहिली.

"हे कोणी केलं?"

"आईनं," मी म्हटलं. एवढ्या गोड आवाजात मी आयुष्यात बोलले नसेन.

तिनं आईकडे बघितलं. आई खाली बघत होती. आणि धाकटी हसायला लागली. घोगऱ्या आवाजात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, "राहू दे. असंच राहू दे. मला सुचलंच नसतं गं आई." झालं! उलट आईच्या गळ्यात पडली. मी तांदूळ निवडायला लागले. खडे फार होते त्या दिवशी.

भट्टीत फुटेल या भीतीनं तिनं ते भाजलं नाही. गणपतीसारखं सावलीत वाळवलं आणि तसंच नेलं. टॅक्सी केली त्याच्यासाठी. आमच्या घरात टॅक्सीत पहिलं कोण बसलं, तर ते.

प्रदर्शनाला बाबा आणि मी गेलो. आई गिरणीत पाळीवर होती. बाबांनी कोट घातला, काळी टोपी घातली आणि दारापासूनच चपला काढाव्यात की नाही या विचारात पडले. मोठं दालन. स्टुलांवर घरंच घरं. कोणी देवळासारखं केलेलं, कोणी नुसते चौकोन रचलेले, कोणी एक मोठं दार आणि मागे काहीच नाही. आमच्या घरासमोर गर्दी. मोत्यांच्या कुड्या घातलेल्या एक बाई आपल्या यजमानांना सांगत होत्या, "अहो, उंबरठ्यावरचं हळदकुंकू बघितलंत? किती सुंदर कल्पना!"

मला राहवलं नाही. "कल्पना नाही हो," मी म्हटलं, "आमच्या आईनं लावलंय."

त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली आणि पुन्हा उंबरठ्याकडे बघायला लागल्या.

तेवढ्यात धाकटीचे मास्तर आले. चांगला माणूस होता, बाबांना नमस्कार केला. म्हणाले, "तुमच्या मुलीला दुसरा क्रमांक मिळालाय. पहिलाच मिळायचा, पण एक दोष राहिला. हे बघा." त्यांनी उघड्या खोलीत बोट घातलं. शेगडीच्या कोनाड्यासमोरची भिंत. "ही भिंत इथे आत गेलीय. माती ओली असताना कुठे तरी दाब बसला असणार. बाकी सगळ्या भिंती सरळ, हीच तेवढी दबलीय."

मी वाकून बघितलं. खरंच, भिंतीला खोलगट वाटीसारखा खड्डा होता, खाली जरा रुंद. इतके दिवस पाणी मारलं, पण फडक्याच्या वरून. मला कधी दिसलाच नव्हता.

बाबांनी चष्मा लावला. पुढे झाले. आणि त्या एवढ्या मोठ्या दालनात, सगळ्या कोट-मोत्यांसमोर म्हणाले, "दाबली नाय मास्तरानु. हय आमची थोरली बसता. पाठ टेकून."

मास्तर धाकटीकडे बघायला लागले. ती म्हणाली, "चुकून नाही झालं सर. मीच केलंय."

आमच्या खोलीत शेगडीसमोरच्या भिंतीचा चुना खरंच खचला होता. इतकी वर्षं मी तिथे टेकून बसायचे, भाकऱ्या थापून झाल्या की, तांदूळ निवडताना, आईची वाट बघताना. तेलकट, चकचकीत झालेली ती जागा. मी लाजेनं तिथे कॅलेंडर लावलं होतं. मला वाटायचं, ती कोणाला दिसत नाही.

परत येताना बाबा पुढे चालत होते. धाकटी म्हणाली, "ताई, बोल ना काहीतरी."

"माझी पाठ घेतलीस. मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू बसली नसतीस तशी." मग थोड्या वेळानं, "तू मागल्या मे महिन्यात गावाला गेलीस ना, तेव्हा मी त्या भिंतीकडे बघून बघून कंटाळले. तू नाहीस तर नुसती खोली होती ती."

हे ऐकून मी विरघळायला हवं होतं. सगळ्या गोष्टींत बहिणी अशा वेळी विरघळतात. मी नाही विरघळले. मला एकच दिसत होतं, की माझं लग्न ठरत आलं होतं. पाच-सहा महिन्यांत ती भिंत, ती शेगडी, तो उंबरा सगळं सोडून मी डिलाईल रोडला परक्या खोलीत जाणार. आणि हिच्याजवळ ते सगळं राहणार, हिला एक भाकरी गोल थापता येत नसताना. मी सरळ मागितलं.

"मग ते घर मला दे. लग्नात. दुसरं काही नको."

ती थांबली. "नाही ताई."

"का नाही? घर मी चालवते."

"चालवतेस तू. पण केलंय मी."

त्यानंतर लालबाग येईपर्यंत आम्ही बोललो नाही. बाबांनी मागे वळून विचारलं, "काय झाला गो?" दोघी एकदम म्हणालो, "काही नाही."

माझं लग्न झालं. गोधडी दुसऱ्या कापडाची नेली. पुढे महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला, चाळीत पेढे वाटले, मी डिलाईल रोडवरून मुलाला कडेवर घेऊन गेले होते. बाबांनी त्यांच्या गिरणीतल्या सुताराकडून त्या मातीच्या घराला काचेची पेटी करून दिली होती, पुढे दार असलेली. धाकटी चित्रकलेची बाई झाली, दादरला तिनं जागा घेतली. आई-बाबा गेले. गावचं छप्परही राहिलं नाही, भावांनी तिथे स्लॅब टाकला. आणि आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा आहे. तिसरी खोली कुठे होती ते मी बोट दाखवूनही सांगू शकत नाही आता. जे काय उरलं आहे ते धाकटीच्या पेटीत.

दर वर्षी संक्रांतीनंतर मी तिच्याकडे हळदकुंकवाला जाते. आधी तिला लावत नाही. ती पेटीचं दार उघडते, मी करंगळीनं त्या उंबऱ्यावर हळद लावते, कुंकू लावते. ती दर वेळी म्हणते, "ताई, थर बसलाय तिथे, माती खराब होईल." मी म्हणते, "होऊ दे." थोरली मुलगी मी आहे. उंबरा माझ्याकडे आहे. तेवढं तिनं मुकाट्यानं मानलं आहे.

मागल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मला जाता आलं नाही. या वर्षी गेले, काठी टेकत. तिनं पेटीचं दार उघडलं. बघते तर उंबऱ्यावर कुंकू ताजं. आदल्याच दिवसाचं असावं.

"हे कोणी लावलं?"

"मी."

"तू? तू कशाला लावलंस?"

"मागल्या वर्षी तू आली नाहीस. यंदा येशील की नाही कळेना. मग उंबरा तसाच ठेवायचा?"

"फोन करायचा होतास! टॅक्सीनं आले असते! ते माझं काम आहे, तुला माहीत नाही?"

माझा आवाज एवढा चढला की आतून तिची कामवाली बघायला आली. ऐंशीच्या घरातल्या दोन म्हाताऱ्या, एका बोटभर उंबऱ्यावरून भांडतायत. धाकटीनं करंडा माझ्या हातात दिला आणि पेटीचं दार पूर्ण उघडून धरलं.

मी पदराचं टोक ओलं केलं, तिचं कुंकू हलक्या हातानं पुसून काढलं आणि माझं लावलं.